कोयनानगरात डब्याचा खर्ज

ऐका, पण हातातला चहा आधी खाली ठेवा. माझ्याइतकी शोभा उभ्या कोयनानगरात कुणी करून घेतली नसंल!

घरात नवा सीडी प्लेअर आला होता, तवाची गोष्ट. आवाज चांगला होता की! पण कुणीतरी डोक्यात भरवलं, प्लेअरच्या पोटातला कन्व्हर्टर साधा असतोय. सीडीवरच्या आकड्यांचा खरा आवाज करायचा तर बाहेरनं वेगळा डबा लावायला पायजे. झालं! ठरवलं म्हणजे ठरवलं. कमी पैशात, पण लय भारी डबा आणायचा.

सांगलीला इतक्या खेपा मारल्या की एसटीचा कंडक्टर म्हणाला, "पावनं, हळदीचा व्यापार काढला का काय?"

दुकानात एक डबा परदेशी. त्याची किंमत ऐकूनच कानात दडे बसले. दुसरा स्वस्त, पण त्यापेक्षा आमच्या मसाल्याचा डबा बरा. तिसऱ्यावर मी अडून बसलो. दिवसभर दुकानाला एकच गाणं ऐकवलं. शेवटी दुकानदारानं हात जोडले. "घरी न्या, मालक. न्हाई पटला तर रविवारी परत आना!"

पैसे कुठले? बायकोच्या भिशीचे! तिला घ्यायचा होता मिक्सर. सुमन म्हणाली, "शनिवारी आबा येत्यात. त्यांना फरक कळला तर ठेवा डबा. न्हाईतर मिक्सर!"

आबा म्हणजे माझे सासरे, फौजेतनं रिटायर. जावयाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतील? नाव नको!

शनिवारी शेजारीपाजारीही जमले. "पयलं बिनडब्याचं ऐका," म्हणून मी डब्याच्या सगळ्या वायरी काढल्या आणि प्लेअर थेट अॅम्प्लिफायरला जोडला. गाणं झालं. तेवढ्यात चहा आला. मग भजी आली. मग आबांची फौज सरहद्दीवर जाऊन परत आली.

मी उठलो. "आता ऐका डब्यासकट!" बटण दाबलं आणि डोळे मिटले.

आहाहा! तबला कसा ठसठशीत! आणि खर्ज? खुर्ची हलली हो! फळीवरची भांडी वाजायला लागली!

"आबा, कळतोय का फरक?"

उत्तर नाही. म्हटलं, म्हातारा गहिवरला!

"आवं जावईबापू!" आबांचा आवाज एकदम अंगणातनं. "भायेर या! भूकंप हाय!"

डोळे उघडतो तर खोलीत मी एकटा. एरवी बारक्या धक्क्याला आमी कोयनेची माणसं कूस बदलत न्हाई, पण हा दांडगा होता. मी काय केलं? झडप घालून डबा उचलला, पोटाशी धरला आणि पळालो. मिक्सरसाठी परत देणार न्हाई म्हणजे न्हाई!

धक्का थांबला. सगळी कॉलनी अंगणात उभी. मी धापा टाकत विचारलं, "आबा, भूकंपाचं राहू द्या. आवाजात फरक पडला का न्हाई?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग खिडकीकडं कान दिला. "डबा तुमच्या हातात हाय न्हवं?"

"व्हय."

"मग आत कोन गातंय?"

आत गाणं मजेत चाललं होतं! भज्यांच्या नादात डबा जोडायचाच राहिला होता. लोक इतके हसले की भूकंप कुणाच्या ध्यानातही राहिला न्हाई.

सुमननं डबा माझ्या हातातनं काढून घेतला. "मिक्सर आला की प्लग मी लावीन. तुमी आपलं डोळं मिटून सांगा, चटणी कशी झालीय!"