काय लागते रे तुले?

सर्व्हरच्या कपाटावर उजवा तळवा टेकवून मेश्राम मॅडम विचारायच्या, "काय लागते रे तुले?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मलाच विचारताहेत. मी घाबरून म्हणालो, "काही नाही, मॅडम."

त्या वळल्या. "तुले नाई बाबू, याले. पण तू मराठी निघाला तं! कुठचा?"

मी आर्णीचा. आमच्या घरातला पहिला पदवीधर. लखनौला नोकरी लागली तेव्हा माझं हिंदी पुस्तकातलं होतं आणि कँटीनमधले सगळे त्यावर हसायचे. मॅडम मूळच्या वर्ध्याच्या. लग्न होऊन लखनौला आल्या त्याला जमाना झाला होता. साहेबांशी त्यांचं हिंदी अगदी इथलं, अदबीचं. माझ्याशी मात्र सरळ वऱ्हाडी. मला काम त्यांनीच शिकवलं. आज मी जो काही आहे, तो त्यांच्यामुळे.

आमचं काम सांगायला सोपं आहे. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरने बनवलेली अनेक यंत्रं चालतात. त्यांना व्हीएम म्हणतात. सर्व्हर थकला की त्यांना चालू अवस्थेतच, म्हणजे 'लाइव्ह', दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येतं. वापरणाऱ्याला कळतही नाही. फक्त त्याआधी दोन्हीकडचे प्रोसेसर जुळतात का, ते बघावं लागतं. व्हीएम सुरू होताना आपल्या प्रोसेसरला काय काय येतं ते एकदा बघून घेते आणि त्यावर विसंबते. नव्या जागी त्यातलं एखादं काम येत नसेल, तर ती लगेच पडत नाही. चालत राहते. ज्या क्षणी ते काम मागते, त्या क्षणी मरते.

"पोचणं म्हणजे टिकणं नाही, बाबू," असं मॅडम म्हणायच्या. हे एकच वाक्य त्या शुद्ध पुस्तकी मराठीत बोलायच्या.

एकदा पेन्शनरांच्या हयातीचे दाखले घेणारी व्हीएम हलवायची होती. तिचा सर्व्हर सकाळपासून गरम होऊन कुरकुरत होता आणि रिकामा होता तो सर्व्हर जुना. बाहेर हॉलमध्ये म्हातारी माणसं मफलर गुंडाळून बसलेली. तपासणीत प्रोसेसर जुळेनात. ती तपासणी वगळून पुढे जायची सोय होती आणि आमच्या सक्सेना साहेबांना तीच हवी होती.

"मैडम, लाइव कर दीजिए. ऊपर से फोन पर फोन आ रहा है."

"सर, पहुँच जाएगी. टिकेगी नहीं."

"अरे, मशीन है, आपकी बिटिया की बिदाई नहीं!"

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या हॉलमध्ये गेल्या, थोडा वेळ थांबावं लागेल म्हणून प्रत्येकाला हात जोडून सांगितलं आणि परत येऊन व्हीएम रीतसर बंद केली. जुन्या प्रोसेसरला जे येत नव्हतं ते तिच्यापासून झाकून तिला तिथे नव्याने सुरू केलं. असं झाकण चालू व्हीएमवर घालता येत नाही. दुपारपर्यंत सगळे दाखले निघाले.

त्या दिवशी डबा खाताना मी त्यांना माझी आनंदाची बातमी सांगितली. वडील गेल्यापासून आई आर्णीला एकटी होती. तिला इकडे आणायचं मी ठरवलं होतं. लखनौतच अलीगंज भागात मोठी खोली घेतली होती, गिझर लावला होता, तिकीटही काढलं होतं.

मॅडमचा हात डब्यातच थांबला. "विचारलं का तिले?"

"तिला काय विचारायचं? मी आहे ना इथे."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "मी बी असंच म्हटलं होतं."

त्यांची आई वारल्यावर त्यांनी वडिलांना वर्ध्याहून लखनौच्या वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या आपल्या घरी आणलं होतं. डॉक्टर पाहिला, बाथरूममध्ये धरायला दांडी लावली, मऊ गादी आणली. बाबा वर्ध्याच्या बुद्धविहारात रोज वंदना सांगायचे; आवाज असा की रस्त्यावरचा माणूस थांबावा. इथे नातू हिंदीत उत्तर द्यायचा, जावई दौऱ्यावर. बाबा हळूहळू कमी बोलू लागले. काही हवंय का विचारलं की म्हणायचे, "मले काय लागते? काहीच नाई."

"मले वाटलं, रमले," मॅडम म्हणाल्या. "ते रमले नव्हते रे. त्यायनं सोताचं अर्धं झाकून ठेवलं होतं. तेवढ्यावर चालून राह्यले होते."

एका दुपारी बाबा चपला घालून बाहेर पडले. तिथले सेक्टर सारखेच, घरंही सारखीच. ते सापडले तेव्हा एका कुलूप लावलेल्या फाटकासमोर उभे राहून वर्ध्याच्या मित्राला हाका मारत होते. "दादाराव, ओ दादाराव! चाला ना, बसू जराशे." त्यानंतर ते अंथरुणातून उठलेच नाहीत.

"ज्याले काहीच लागत नाई, बाबू, त्याले दोनदा पाह्य."

या हिवाळ्यात मॅडम गेल्या. दोन दिवसांचा ताप, मग हॉस्पिटल, मग निरोप. आईचं तिकीट मी डबा खातानाच्या त्या बोलण्यानंतर लगेच रद्द केलं होतं, पुढे बघू म्हणून. विचारायचं मात्र राहूनच गेलं होतं. मॅडम हात टेकवायच्या त्या सर्व्हरच्या कपाटाच्या दारावर तळव्याएवढी जागा अजून चकचकते. बाकी दार निस्तेज आहे. पंख्यांच्या घरघरीत मला कधी कधी त्यांचा प्रश्न ऐकू येतो. आधी मी दचकायचो. आता काम थांबवून ऐकतो.

परवा तसाच तो प्रश्न ऐकू आला आणि मी तिथूनच आईला फोन लावला.

"आई, तू इथे आलीस तर तुला काय काय लागेल?"

"मला काय लागतं रे? काहीच नाही. तू म्हणशील तेव्हा येते."

मी वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मी दारावरच्या त्या चकचकीत जागेवर हात ठेवला आणि पुन्हा विचारलं.

 आईच्या मागे शेजारच्या काकू कशावरून तरी मोठ्याने हसत होत्या.

"नाही रे, काही नाही," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, जणू काकूंना ऐकू जाऊ नये अशा बेताने, तिने विचारलं, "दुपारचं कोणी येऊन बसतं का रे तिथे?"