घंटावाला

त्याला विनोद सांगण्याआधीच हसू फुटायचं आणि शेजारच्याच्या पाठीत गुद्दा बसायचा. शाळेतला सर्वांत चपळ कबड्डीपटू तोच. दहावीत असताना गंमत म्हणून मी शाळेची घंटा तासभर आधी वाजवली आणि सगळी शाळा घरी पळाली. हेडसरांनी विचारताच हात त्याने वर केला. मी माझा खालीच ठेवला. त्याला संघातून काढलं, आणि मालेगावच्या सामन्यांना त्याच्या जागी मी गेलो. एसटी स्टँडवर मला पोचवायला येऊन तो ओरडला, "हरून आलास तर बघ, लेका! छड्या मी खाल्ल्यात!" आम्ही पहिल्याच दिवशी हरलो.

परवा जुन्या मित्रांत मी खरं सांगू लागलो, तर त्याने माझ्या तोंडात भजं कोंबलं. "गप रे! अख्ख्या नाशकात मला घंटावाला म्हणून ओळखतात. आता म्हातारपणी तेवढंही घेतोस?"