सीमेपलीकडे गेलेली कादंबरी

बसस्थानकावर गाड्यांच्या वेळा पुकारण्यात जन्म गेला, म्हणून सगळे तिला भोंगा म्हणत. निवृत्तीनंतर ती अंधांच्या वाचनालयात पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करू लागली. रेकॉर्डिंगची खोली कसली, खोपटंच ते. भिंतींना जुन्या गाद्या आणि पंखा बंद, कारण त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते.

या वेळची जाडजूड कादंबरी तिच्या ताईच्या जिव्हाळ्याची. ताई लेकीकडे, सीमेपलीकडे. निम्मं पुस्तक वाचून झालं आणि मधुमेहात तिचे डोळे गेले.

"शेवट कळल्याशिवाय मी मरायची नाही," ताई फोनवर म्हणायची.

"मग पाठवतच नाही," भोंगा म्हणायची.

आणि खरंच पाठवता येत नव्हतं; कॉपीराइटचा कायदा आडवा यायचा. लेखकाचा हक्क कबूल, पण डोळसांना दुकानात सहज मिळणारं पुस्तक आंधळीसाठी मात्र सीमेवर अडवायचं, हा कुठला न्याय? अंधांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं भांडून आंतरराष्ट्रीय करार पदरात पाडून घेतला: अंधांसाठी केलेली प्रत एका देशातल्या वाचनालयाने दुसऱ्या देशातल्या वाचनालयाला खुशाल पाठवावी. कुणी ताटात वाढून दिलेला नाही तो. ताईचा देश त्यात उशिरा का होईना सामील झाला, तेव्हा भोंग्याने अख्ख्या वाचनालयाला चहा पाजला.

पाठवण्याआधी ग्रंथपाल प्रत ऐकायला बसला आणि मध्येच त्याने कानावरचे हेडफोन काढले.

"मावशी, नायक तिला सोडून निघतो तिथे ‘मेल्या, मागे वळून बघ तरी’ असं लेखकाने लिहिलंय?"

"लिहायला हवं होतं."

"मूळ पुस्तकाला धक्का लावायचा नाही, करारातच आहे तसं. अशा आणखी किती जागा आहेत?"

भोंगा ओशाळली. लहानपणी दोघी एका पांघरुणात वाचायच्या. वाचायची ही, आणि ताई चिमटा काढून विचारायची, "तुला काय वाटतं गं?" ती खोड जिभेवरून गेलीच नव्हती. तिने ती सगळी पानं स्वतःच्या शेऱ्यांना कुलूप लावून पुन्हा वाचली. प्रत गेली.

काही दिवसांनी ताईचा फोन आला.

"कुणी वाचलंय हे?"

"मीच की."

"आवाज तुझा आहे, पण तू कुठेयस? तो तिला टाकून गेला आणि तू गप्प?"

भोंग्याने करार समजावून सांगितला.

"म्हणजे माझ्या बहिणीचं तोंड बंद करायला एवढे देश एकत्र आले?"

"शेवट ऐकलास का?"

"नाही. एकटीने ऐकवेना."

भोंगा खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, "तो जातो तिथपासून लाव. फोन जवळ ठेव."

पलीकडून तिचाच आवाज आला, शुद्ध, शिस्तीचा, एक अक्षर इकडचं तिकडे न करणारा. नायक निघाला.

"मेल्या, मागे वळून बघ तरी," इकडून भोंगा म्हणाली.

"हं," ताईने पाय लांब केले. "आता होऊ दे पुढे."