गुलमंडीमागच्या घरांचा जाणकार

माझे साडू पुण्याचे. दोन दिवसांसाठी मेहुणीला घेऊन आमच्या गारखेड्याच्या घरी आले आणि दुसऱ्याच सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "लेणी झाली, मकबरा झाला. आता तुमच्या गावात बघण्यासारखं काय उरलं?"

साडूचं असलं बोलणं कानाआड करायचं असतं, एवढी अक्कल पासष्टीला आलेल्या माणसाला असायला हवी. मी म्हणालो, "गुलमंडीमागची जुनी घरं बघितलीत का कधी? चला, दाखवतो. कॉलेजात असताना दोन वर्षं तिथं खोली करून राहिलोय. तिथली वीट न् वीट ओळखतो मी."

खरं सांगायचं तर मी गुलमंडीत जातो वर्षातून दोनदा, तेही बायको साड्या बघत असताना दुकानातल्या गादीवर पेंगायला. बायकोनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. मेहुणीनं चपला घातल्या आणि आम्ही चौघं निघालो.

दुकानांची शटरं अजून उघडायची होती. गल्ल्या मोकळ्या होत्या. पहिली दहा मिनिटं फार चांगली गेली. चुन्यात बसवलेल्या चपट्या विटा दाखवल्या, एका दाराची दगडी कमान दाखवली. साडू मोबाईलवर फोटो काढत होते, आणि मुख्य म्हणजे गप्प होते. त्यांच्या गप्प बसण्यानं माझ्या डोक्यात हवा गेली. पुढच्या वळणावर एका दुमजली घराला कोरीव लाकडाची सुरेख गॅलरी दिसली. मी थांबलो, घसा साफ केला.

"ही एका सरदाराची देवडी, म्हणजे हवेली. निजामाच्या काळातली. ह्या गॅलरीत बसून सरदार लोकांच्या तक्रारी ऐकायचे."

"सरदार नव्हते हो," वरून आवाज आला. "छापखान्यात खिळे जुळवायचे. माझे वडील."

गॅलरीत पांढऱ्या ओढणीतल्या एक वयस्कर बाई कुंडीतला पुदिना खुडत होत्या. शहाण्या माणसानं इथं माफी मागून चालू लागायचं. मी वाद घातला.

"पण बाई, हे लाकूडकाम तर जुनंच आहे की!"

"जुनं आहे, पण इथलं नाय. एक थेटर पाडलं, त्याच्या बाल्कनीचा कठडा अब्बांनी आणून बसवला. वर या, चहा घ्या. पाहुण्यांना खरं काय ते सांगते."

साडूंच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो त्यांना वेरूळला झाला नव्हता.

दारातून आत शिरलो तर मधे फरशीचं छोटं अंगण, कोपऱ्यात हापसा आणि जिन्याखाली हिरव्या दाराची खोली. त्या खोलीकडं पाहिलं आणि माझे पाय जागीच थांबले. ती माझी खोली होती. माझ्या वेळी ती गॅलरी नव्हती एवढंच; ज्या घरात मी दोन वर्षं राहिलो, त्याच घरासमोर उभं राहून मी सरदाराची थाप मारली होती.

"इथं मी राहायचो," मी म्हणालो.

"आता हे राहायला पण आले," साडू मेहुणीच्या कानात म्हणाले, मला ऐकू येईल अशा बेतानं.

बाई जिना उतरून आल्या, चष्मा पुसला, माझ्याकडं निरखून पाहिलं. "सोयगावचा का तू?"

"व्हय, आपा." चाळीस वर्षांत न वापरलेला शब्द आपोआप तोंडातून आला. ह्या घरमालकांच्या थोरल्या लेक, म्हणून सगळ्यांच्या आपा, म्हणजे ताई; तेव्हा नुकत्याच शाळेत शिकवायला लागलेल्या.

"या अल्ला! भुवया जाळून घेतलेला पोरगा!" आपा हसत सुटल्या. मग माझ्या बायकोकडं वळून म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी ह्यानं स्टोव्ह पेटवला, तर हा भडका. अम्मीनं स्टोव्हच उचलून ठेवला. म्हणाली, पोरगं मरंल, आपल्याकडंच जेवू द्या. दोन वर्षं जेवला. खट्टी दाल लई आवडायची त्याला."

बायकोनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती मी लग्नापासून टाळत आलो होतो. कारण आमच्या घरात एक कथा प्रसिद्ध आहे: मी हातानं करून खाऊन शिकलो. ही कथा सांगून मी मुलाला हॉस्टेलच्या जेवणावरून झापलंय. बायकोच्या आमटीला नावं ठेवलीत.

थाप सुरू झाली ती आईपायी. मुसलमानाच्या घरचं रोज जेवतो हे तिला सांगायची माझी छाती नव्हती. म्हणून गावी गेलो की म्हणायचो, हातानं करतो. पुढं आई गेली, भीती गेली, थाप मात्र मी ठेवून घेतली. तिच्यात मी फार कर्तबगार दिसत होतो.

चहा आला. आपा सहज म्हणाल्या, "लग्नाला बोलावलं नाही तू. सोयगावचं कुणीतरी भेटलं तेव्हा अम्मीला कळलं. दोन दिवस तिनं तो विषय काढला नाही. मग म्हणाली, गडबडीत राहून गेलं असंल."

गडबडीत राहिलं नव्हतं. पत्रिका मी हातानं लिहिली होती आणि फाडली होती. अम्मी मांडवात येऊन माझ्या आईशी दोन शब्द बोलल्या असत्या, तर सगळं उघडं पडलं असतं. एवढं मी आपांना सांगितलं. साडूंसमोर सांगितलं, हे विशेष. ते कपाकडं बघत बसले.

"आम्हाला ठाऊक होतं," आपा म्हणाल्या. "तुझी आई एकदा आली होती ना, तेव्हा तू हातानं करतोस असं दिसावं म्हणून अम्मीनंच तुझ्या खोलीत तो स्टोव्ह अन् कांदे-बटाटे नेऊन ठेवले होते. तू कॉलेजात होतास."

मला वाटायचं, ती थाप मी एकट्यानं निभावली.

बायको उठली, आपांच्या शेजारी जाऊन बसली. "आपा, ह्यांचं सोडा. आता मी बोलावते. रविवारी गारखेड्याला जेवायला या."

आपा आल्या. सोबत खट्टी दाल आणली. आमचा मुलगा-सून होते, साडूंनी खास मुक्काम वाढवला होता. आपांनी मुलाला भुवयांची गोष्ट दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा भडका जास्त उंच होता. जेवण झाल्यावर बायकोनं त्यांच्याकडून दाल शिकून घेतली, चिंच किती, फोडणी कधी, सगळं. मी मदतीला आत गेलो तर दोघींनी मला गॅसपासून लांब उभं राहायला सांगितलं.