शेवंतामावशीच्या तारखा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही लेथवरचे पाच जण दोन वर्षं चढत होतो राव! तारखेमागून तारीख पडायची आणि प्रत्येक वेळी आम्ही एक नवा किस्सा घेऊन पिंपरीला परतायचो.

शेवंतामावशी आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या वाढायची. पिंपळे सौदागर तेव्हा खेडंच होतं. शेतातल्या वाटेने घरी जाताना टॉवेलने तोंड झाकलेल्या एकाने तिचं मंगळसूत्र ओरबाडलं.

"त्यो आमच्याच कंपनीतला, वेल्डिंगचा हाय," मावशीने पोलिसांना नावानिशी सांगितलं. केस उभी राहिली आणि त्याचे दोन भाऊ तिच्या वाटेवर उभे राहू लागले. "साक्ष दिलीस तर याद राख!"

साक्षीदाराला संरक्षण वगैरे तेव्हा कुणी ऐकलंही नव्हतं. आम्हीच शिफ्ट बदलून पाळ्या लावल्या. रोज एकाने तिला घरी सोडायचं, तारखेला जमतील तेवढ्यांनी सोबत जायचं.

*

कोर्टाच्या व्हरांड्यात बाक एकच. फिर्यादी आणि आरोपीची माणसं, सगळे त्यावरच! दोघे भाऊ मावशीशेजारी बसून टक लावून बघू लागले. ती बाकाच्या टोकाला सरकली.

आमचा राणे कोकणातला. तो मुकाट्याने मधे जाऊन बसला आणि डबा उघडला. आत सुकट! भाऊ दोघेही माळकरी. नाकाला रुमाल लावून ते थेट जिन्यापाशी जाऊन उभे राहिले.

*

मावशीची किंकाळी ऐकून गायकवाड धावला होता, म्हणून तोही साक्षीदार. पिंजऱ्यात गडी घामाघूम.

"नाव?"

"चारशे बारा!"

कंपनीत पगार असो की रजा, टिकिट नंबरच सांगायची सवय.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "अहो, आरोपी ते तिकडे आहेत. तुम्ही कशाला नंबर सांगताय?"

*

मावशीच्या साक्षीचा दिवस उजाडला आणि ती अडूनच बसली.

"डोरलं गेलं ते गेलं. मी न्हाई येत. त्या वाटंनं मलाच जायचंय. तुमी काय जन्मभर सोडायला येनार हाय?"

गायकवाड म्हणाला, "रिटायर होईपर्यंत येतो, मावशी. पुढचं पुढे बघू."

मावशीने पदराने डोळे पुसले. "मंग येते. पर त्या राण्याला म्हनावं, आज सुकट नगं. माजा उपास हाय!"

*

आरोपीचे वकील म्हणाले, "तोंड झाकलेलं होतं ना? मग ओळखलं कसं?"

"हातावरनं. कॅन्टीनची खिडकी एवढीशी. सात वर्सं मी मान्सं न्हाई, हातच बघते."

कोर्ट हसलं. वकिलांना जोर चढला. "मग हातांची ओळखपरेड होऊनच जाऊ दे, साहेब!"

न्यायाधीशही तयार झाले. कारकुनांच्या खोलीच्या दाराला पडदा होता. आत आम्ही पाच जण आणि शेवटी आरोपी. पडद्याखालून सहा हात बाहेर.

बाहेरून मावशीचा आवाज येऊ लागला. "ह्यो राणे, चार चपात्या. ह्यो गायकवाड, ह्याला करपलेली लागती." एकेक हात ओळखत ती पाचव्यापाशी आली. तो माझा.

"ह्यो उपाशी ऱ्हाईल, पर मागायचा न्हाई."

खरं सांगतो, मला भरून आलं.

मग तिचं पाऊल पुढे वाजलं, आणि माझ्या शेजारच्याने हात झटकन आत ओढून घेतला.