बाजार वाढवला

घाटकोपरच्या पोलीस ठाण्यातली ती संध्याकाळ मी अजून विसरलेलो नाही. नाव मात्र कुणाचंच सांगणार नाही.

जुन्या सोसायटीत एकट्या राहणाऱ्या आजी ऑपरेशनसाठी दवाखान्यात होत्या. त्यांचा मुलगा बोरीवलीहून कपडे न्यायला घरी आला, तर हॉलची भिंत रिकामी. एका नावाजलेल्या वृद्ध चित्रकाराने शाईने काढलेलं भाजीबाजाराचं चित्र तिथून गायब होतं. आजींच्या यजमानांना त्या चित्रकाराने ते स्वतःच्या हाताने दिलेलं. मुलाने मोबाइलवर फोटो दाखवला : कोथिंबिरीवर पाणी मारणारी बाई, तराजूच्या काट्याकडे संशयाने बघणारं गिऱ्हाईक, हातगाडीवर आडवा झालेला हमाल. घरात सगळे त्याला ‘बाजार’च म्हणत.

मुलाशिवाय किल्ली एकाच माणसाकडे होती. घरकाम करणाऱ्या मालवणकडच्या मावशींकडे. त्यात वॉचमनने टीप दिली, “हम अपने कान से सुने साहब. फोन पे बोल रही थी, बाजार बढ़ा दिया, अब क्या करूँ.”

“बघा, भाव वाढवतेय!” मुलगा म्हणाला. “अजून कसला पुरावा पाहिजे?”

गुन्हा नोंदवला. महिला शिपायाला सोबत बसवून मावशींची चौकशी सुरू केली.

“चित्र कुठाय, मावशी?”

“चोरी नाय केली, साहेबानू.”

“मग गेलं कुठं?”

“येतला. आजी घरी येवच्या आधी येतला.”

“कुणाकडे आहे?”

पदर तोंडाला.

चोरी केलेला माणूस सहसा फार बोलतो, न विचारलेलंही सांगतो. ही बाई फक्त एवढंच विचारत होती, “आजींची तब्येत कशी आसा?”

मी यवतमाळकडचा. दहावीनंतर शाळा सुटली आणि भरती झालो. या शहराने मला वर्दी दिली, डोक्यावर छप्पर दिलं. ते उपकार विसरणार नाही. पण आपल्या एका सहीने कुणाची तरी वाट लागेल, ही धास्ती निवृत्तीपर्यंत सुटली नाही. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर सहसा अटक करत नाहीत. मुलगा बाकावरून उठून सारखा विचारत होता, “झाली का अटक?” वरिष्ठ म्हणाले, “घाई नको रे. पण अंधाराच्या आत काय ते ठरव.” त्यांनी तेवढा वेळ दिला, याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

ऊन उतरायला लागलं. आवारात ठाण्याची नवी गाडी आली होती. हार घातला, कुंकू लावलं. एक शिपाई ओरडला, “साहेब, नारळ वाढवा ना! पेढे कधीचे ताटकळलेत!”

वरिष्ठांनी नारळ आपटला आणि मी खिडकीत उभा राहून तो शब्द पुन्हा पुन्हा मनात म्हणू लागलो. नारळ वाढवतात. हातातली बांगडी फुटली तर माझी आईही ‘वाढवली’च म्हणायची.

आत जाऊन हळूच विचारलं, “मावशी, बाजाराची काच वाढवली काय?”

त्यांनी दोन्ही हात जोडले. “दुसरो शब्द तोंडातून काढू नकात, साहेबानू. आजी हॉस्पिटलात आसत!”

पुसताना चित्र खाली आलं होतं. तिकडे आजींचं ऑपरेशन, इकडे घरात काच गेली. हे नुसतं बोललं तरी आजींना बाधेल, अशी त्यांची भीती. बहिणीला फोनवर सांगतानाही ‘वाढवला’ म्हणाल्या. वॉचमनने त्याचं ‘बढ़ा दिया’ केलं, आणि त्याचा अर्थ आम्ही लावला.

मावशींना घेऊन स्टेशनजवळच्या फ्रेमवाल्याकडे धावलो. शटर अर्धं खाली आलेलं.

“आलीस होय गं? दुकान बंद करत होतो,” तो म्हणाला. चित्र मावशींच्या जुन्या साडीत गुंडाळलेलं होतं. मी ते उलगडलं. नवी काच बसली होती. कागदावर ओरखडाही नव्हता.

गैरसमजातून तक्रार झाल्याचा अहवाल कोर्टात गेला. त्यानंतर कुणी ऐकीव सांगितलं, की मी आधी विचारायचो : तो माणूस नेमका कोणता शब्द बोलला, आणि कोणत्या भाषेत?

आजी घरी आल्या त्या दिवशी मुलाने मलाही बोलावलं. मावशी दाराशी उभ्या. आजींनी चष्मा लावून चित्र निरखलं.

“काच वाढवलीस ना गं?”

मावशींनी मान खाली घातली.

“बरं केलंस. जुन्या काचेत धड काही दिसतच नव्हतं. अगं, तो हमाल झोपलाय होय? इतकी वर्षं मला वाटायचं, मेलाय.”

“आजी!” मावशी ओरडल्या. “शुभ बोला गे!”