पुरावा सरांची विशेषणं

पोर्तुगीज शिकवणाऱ्या आमच्या पुरावा सरांकडे माणसाबद्दलचं विशेषण फुकट मिळत नसे. "माझा बॉस दुष्ट आहे," असं कुणी पोर्तुगीजमध्ये म्हटलं, की सर चष्मा कपाळावर चढवून विचारत, "पुरावा?" मूळचे मडगावचे, लहानपणीची शाळा पोर्तुगीजमधली, पण कर्वेनगरात राहून राहून बोलणं पक्कं पुणेरी झालेलं. आता ते बहिणीकडे मडगावला असतात, आणि वर्ग बंद झालाय.

या भाषेत माणसाच्या स्वभावासाठी वेगळं 'आहे' आणि आजच्या अवस्थेसाठी वेगळं. दमलेला, चिडलेला, घाबरलेला ही आजची विशेषणं. सर म्हणत, ती तोंड बघून लावा. आळशी, प्रामाणिक, गर्विष्ठ ही कायमची. ती लावायची तर घडलेला प्रसंग सांगा. "कायमचं लेबल चिकटवणारे तुम्ही कोण हो? त्याच्या पंगतीला कधी जेवलात का?" परदेशी जायच्या घाईतली आयटीतली मुलं हसत. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला मी एकटाच म्हातारा, मागच्या खुर्चीत.

मी गेलो होतो मुलापायी. त्यानं लिस्बनमध्ये तिथल्याच मुलीशी लग्न केलं. ही ईनेश व्हिडिओ कॉलवर यायची, मान हलवायची आणि उठून जायची. आमच्या घरात तिचा निकाल केव्हाच लागला होता. पुढे मुलाचेही फोन कमी झाले. पोरगा हातचा गेला, या भीतीनं मला घास गोड लागेना.

एकदा वर्गात घरच्या माणसाचं वर्णन करायचं होतं. मी म्हटलं, "माझी सून गर्विष्ठ आहे."

"पुरावा?"

"आमच्याशी बोलत नाही."

"कुठल्या भाषेत बोलावं तिनं? मराठीत? घाबरलेली असेल. विचारा की तिलाच. विचारायला पैसे पडत नाहीत."

मला रागच आला. पण रविवारी कॉल लागला तेव्हा धीर करून विचारलं, "इश्ताश नर्वोझा?" घाबरली आहेस का?

तिनं चमकून पाहिलं. आणि मग ती जी बोलत सुटली, त्यातलं मला फक्त 'हो' कळलं. मागून मुलगा म्हणाला, "बाबा, तिला वाटत होतं तुम्हीच तिच्यावर रागावलाय!" केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! सौ. तर डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली आणि शिरा करायला लागली. खाणार कोण, ते तिचं तिलाच ठाऊक.

दिवाळीत दोघं आले, तेव्हा सुनेला हौसेनं वर्गात नेलं. सरांनी तिलाही सोडलं नाही. "सासऱ्यांचं वर्णन कर."

"तैमोझु," ती म्हणाली. हट्टी. तेही कायमचं! पोरं खूश.

सरांचा चष्मा कपाळावर. "पुरावा?"

ईनेशनं माझ्याकडे बोट दाखवलं. "साठी उलटल्यावर, माझ्याशी बोलता यावं म्हणून, हे बस बदलून तुमच्याकडे येतात. उच्चार अजून भयंकर आहेत. तरी येतात."

सरांनी चष्मा खाली घेतला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "ग्राह्य."